टेरॅरियमच्या काचेला दिवसभर घाम, आतून कुबट वास… बेडकांच्या टाकीत हवा किती खेळती ठेवायची?

मांजराकाठ (लातूर) | ११ एप्रिल, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज धागा काढायलोय कारण डोकं चालेना. माझ्याकडं व्हाइट्स ट्री फ्रॉगची (झाडावर राहणारा हिरवा बेडूक) जोडी आहे. टाकी काचेची, ६० बाय ४५ बाय ६० सेंटीमीटर, समोर दोन दारं, दाराखाली हवेची बारीक पट्टी, वर स्टीलची जाळी. तळाला मातीचे भाजलेले गोळे, त्यावर जाळी, त्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळकी पानं, एक मनीप्लांट, एक ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं झाड).

लातूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको, दुपारी ४०-४१ आणि हवा इतकी सुकी की वाळत घातलेली चादर बघता बघता कडक होते. टाकीतला हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा टक्क्यात दाखवणारा मीटर) ३५ च्या वर जाईना. दुकानदार म्हणला वरची जाळी प्लास्टिकने पॅक करा, केली, कडेनं टेप पण मारली. आता आकडा ९५ दाखवायलाय पण समोरची काच सकाळपासून झोपेपर्यंत पांढरीफटक, आत काय चाललंय दिसतच नाही, दार उघडलं की कुबट वास येतो, पानांवर पांढरी बुरशी धरली आणि दोन्ही बेडूक दिवसभर पार वर जाळीला चिटकून बसायलेत. टाकी हॉलमध्ये आहे, दुपारी चार-पाच तास एसी चालतो, २३ वर.

प्लास्टिक काढलं की दोन तासात परत ३५. ठेवलं तर हे असं. मधला रस्ता काय?

खडकी (छत्रपती संभाजीनगर) | ११ एप्रिल, रात्री ११:२०

दादा प्लास्टिक आज रात्रीच काढा, सकाळची वाट बघू नका. बेडूक जाळीला चिटकून बसलेत ते हवा शोधायलेत.

व्हाइट्स हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा बेडूक. त्याच्या मुलखात वर्षातले कितीतरी महिने कोरडे जातात, तिकडं लोकांच्या संडासात, टपालपेटीत, पाण्याच्या टाकीत जाऊन बसतो तो. त्याच्या कातडीतून बाकीच्या बेडकांपेक्षा पाणी कमी उडतं. ५० ते ७० टक्के दमटपणा आणि बसता येईल एवढं पसरट पाण्याचं भांडं, त्याला भरपूर झालं. ९५ टक्के आणि वर कोंडलेली हवा हे त्याच्यासाठी चांगलं तर नाहीच, धोक्याचं आहे. कातडी कधी सुकतच नाही, जिवाणू वाढतात, मग पोटाखाली आणि मांड्यांना लाली येते, त्याला रेड लेग म्हणतात, आणि बेडकाचं कळणारा डॉक्टर आपल्याकडं सहज मिळत नाही. उद्या उजेडात दोघांची पोटं नीट बघा आणि इथं सांगा.

आता हवेचं. जाळी पूर्ण उघडी पण नको, पूर्ण बंद पण नको. ४ मिलीमीटरची काच कापून आणा (काचवाल्याकडून कडा घासून घ्या), जाळीवर पुढून मागे टाका आणि मागच्या बाजूला साधारण सहा-सात सेंटीमीटरची पट्टी उघडी ठेवा. दाराखालची पट्टी मोकळी करा, बऱ्याच जणांची ती कोकोपीटने बुजलेली असते. खालून पुढून हवा आत येणार, गरम होऊन आणि ओल धरून हलकी होणार, वर मागून बाहेर जाणार. फॅन नाही, वीज नाही, हवा आपोआप चालू राहते. आणि ती आत येताना समोरच्या काचेला लागूनच वर चढते, म्हणून काच पण साफ राहते. युरोपात डार्ट फ्रॉगच्या (छोटे रंगीत विषारी बेडूक) टाक्या कितीतरी वर्षांपासून याच पद्धतीनं बांधतात.

बालाघाट (बीड) | १२ एप्रिल, सकाळी ७:०५

खडकी भाऊंचं पटतंय पण अर्धंच. संभाजीनगरात तळमजल्यावर ठीक असेल, आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापला की रात्री दोनपर्यंत भिंती गरम. मागं सहा सेंटीमीटर उघडं ठेवलं तर एप्रिलात टाकी दुपारपर्यंत कोरडी ठाक, मग दर तासाला पाणी मारत बसा, आणि पाणी आणायचं कुठून? मी वरून पूर्ण काच टाकतो आणि सकाळ-संध्याकाळ दारं दहा-दहा मिनिटं उघडतो. माझ्या पॅकमनला (मोठ्या तोंडाचा, जमिनीवर राहणारा बेडूक) काही झालं नाही, मस्त खातोय.

खडकी (छत्रपती संभाजीनगर) | १२ एप्रिल, सकाळी ८:३०

बालाघाट भाऊ, पॅकमन आणि व्हाइट्स एका मापात धरू नका. पॅकमन ओल्या कोकोपीटमध्ये अर्धा गाडून बसणारा, त्याला त्याची ओल खालून मिळते आणि टाकी पण बुटकी असते. व्हाइट्स झाडावरचा, वर चढून बसणार, आणि कोंडलेली दमट गरम हवा वरच साठते. तुमच्या पद्धतीत मधल्या अकरा-बारा तासात हवा हलतच नाही, मनीप्लांटची पानं सुकत नाहीत, बेडकांना बसायला सुकी जागाच राहत नाही.

बेडकाला ओली जागा लागते तशी सुकी जागा पण लागते. दोन्ही एकाच टाकीत पाहिजेत, कुठं बसायचं ते त्यानं ठरवावं.

परभणीचे सर | १२ एप्रिल, दुपारी १:१५

मी बेडूक पाळत नाही, शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी शेवाळाची काचपेटी आहे. पण या धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात त्या सोडवतो. काचेवरचं पाणी म्हणजे दमटपणा नव्हे. काचेवर पाणी येतं ते काच आणि आतली हवा यांच्या तापमानात फरक पडला म्हणून, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं.

एक सोपा हिशोब लक्षात ठेवा. हवा पूर्ण ओली म्हणजे १०० टक्के. तिथून दर ५ टक्के खाली आलात की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, हवेच्या तापमानापेक्षा १ डिग्रीने खाली जातो. ५० टक्क्याच्या वर हा हिशोब चांगला चालतो. आता मांजराकाठ यांची टाकी घ्या. आत ३० डिग्री, ९५ टक्के. दवबिंदू २९. म्हणजे काच हवेपेक्षा एकच डिग्री थंड झाली की पाणी सुटलं. तिकडं एसी २३ वर सुरू, काच २५-२६ पर्यंत उतरणार, मग धारा लागणारच. आता तीच टाकी २८ डिग्री आणि ६५ टक्क्यावर ठेवा. दवबिंदू २१. काच २१ पर्यंत उतरल्याशिवाय एक थेंब येणार नाही. ९५ ला एक डिग्री पुरते, ६५ ला सात लागतात. तुमची काच पुसून साफ होणार नाही, आतला आकडा खाली आणून होईल.

आता प्लास्टिक काढलं की ३५ का येतं. बाहेरची हवा ४० डिग्री आणि १५ टक्के धरा, तिचा दवबिंदू जेमतेम ८-९ आहे. ती टाकीत येऊन २८ ला थंड झाली तरी ३० टक्क्याच्या आसपासच भरते. म्हणजे एप्रिलात आपण आत घेतो ती हवा फार तहानलेली. थोडीशी जरी आत आली तरी पुष्कळ ओल घेऊन जाते. म्हणून उन्हाळ्यात फट लहान लागते. खडकी यांची पट्टी बरोबर आहे, पण एप्रिल-मेमध्ये ती दोन-तीन सेंटीमीटर करा, बंद मात्र करू नका. बालाघाट यांची अडचणही खरी आहे, तिचा उपाय झाकणात नाही, खोलीत आहे.

बालाघाट (बीड) | १२ एप्रिल, दुपारी २:४०

सर खोलीत म्हणजे कूलर ना? कूलर आहे. पण टाकीवर वारा नको म्हणून लांब ठेवलाय.

परभणीचे सर | १२ एप्रिल, दुपारी ३:१०

लांबच ठेवा, टाकीवर थेट मारू नका, पण त्याच खोलीत चालू द्या आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. ४० डिग्री आणि १५ टक्के हवेत ओल्या कपड्याचं तापमान २१ पर्यंत उतरू शकतं, म्हणून एप्रिलात कूलर एवढा लागू पडतो. कूलरच्या खोलीत हवा २९-३० आणि दमटपणा ५५-६० झाला तर तुमच्या टाकीचं निम्मं काम तिथंच झालं, मग फट मोकळी ठेवली तरी टाकी सुकत नाही. मांजराकाठ, तुम्ही पण एसीऐवजी दुपारी कूलर लावून बघा. एसी हवा थंड करतो आणि सुकवतो, दोन्ही एकदम, काचेला घाम आणि बेडकाला कोरड.

मांजराकाठ (लातूर) | १२ एप्रिल, रात्री ९:४५

सर एकदम डोक्यात बसलं. प्लास्टिक काढलं, काच उद्या कापून येतेय. पोटं बघितली, लाली नाही, पांढरी स्वच्छ आहेत दोघांची. प्लास्टिक काढून तासभर झाला असेल तर मादी खाली उतरून पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली, कितीतरी दिवसांनी.

दोन शंका. एक, एसीच्या पाइपातून रोज बादलीभर पाणी निघतं, ते मऊ असतं म्हणतात, फवारायला वापरू का? आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसाला, बोअरचं पाणी मारलं की काचेवर पांढरे डाग. दुसरी शंका, हायग्रोमीटरवर विश्वास ठेवावा का, घड्याळाच्या काट्यासारखा गोल आहे, चिटकवायचा.

तेरणा (धाराशिव) | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

एसीचं पाणी नको भाऊ. ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून गळतं, पाइपात शेवाळी चिकट थर असतो, आणि बेडूक कातडीतून पाणी पितो, पोटाखालची कातडी ओल्या जागेवर टेकवून आत ओढून घेतो. तांबं उभयचरांना फार बाधतं. ते पाणी कुंडीतल्या झाडांना घाला, फरशी पुसा.

ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथं बेडकासाठी किती पाणी वापरायचं हा प्रश्न मनाला लागतोच, म्हणून मी काय करते ते सांगते. पिण्यासाठी आरओ लागतोच घरात, त्यातलं एक लिटर फवाऱ्याला ठेवायचं, नीट वापरलं तर या आकाराच्या टाकीला आठवडाभर पुरतं. आरओचं वाया जाणारं पाणी भांड्यांना. बसायच्या भांड्यात नळाचं पाणी, पण रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून, म्हणजे ब्लिचिंगचा क्लोरीन उडून जातो. आणि पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, मग साठवायचं, त्याच्यासारखं पाणी नाही.

काचेवरचे पांढरे डाग क्षाराचे. लोक ते पण धुकं समजतात आणि उगाच फट वाढवत बसतात. पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवा, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या, बेडूक बाहेर काढून. एवढं केलं तरी निम्मी काच साफ दिसेल.

काट्याच्या हायग्रोमीटरवर माझा बिलकुल विश्वास नाही. डिजिटल घ्या आणि त्याची पण परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ, त्यात पाण्याचे थोडे थेंब, मीठ ओलं होईल पण विरघळणार नाही इतपत. ते बूच आणि मीटर एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या जवळ आकडा पाहिजे. ८२ दाखवला तर तुमचा मीटर सात जास्त सांगतो, तेवढे वजा करायचे. आणि मीटर टाकीत मध्यावर, बेडूक बसतो त्या उंचीला लावा. झाकणाखाली लावला आणि त्यावर थेंब बसला की तो ९९ च सांगणार.

मांजराकाठ (लातूर) | १९ एप्रिल, रात्री १०:१५

अपडेट देतो. काच टाकली, मागं तीन सेंटीमीटर फट. दाराखालची पट्टी खरंच बुजलेली होती, ब्रशने साफ केली. एसी २६ वर, आणि टाकी एसीच्या समोरून काढून आतल्या भिंतीला लावली. मीठवाली परीक्षा केली, नवीन मीटर ७३ दाखवतो, चालतंय. आता दुपारी ५८-६०, फवारल्यावर ८० पर्यंत जातो आणि तासा-दोन तासात खाली येतो. सकाळी काचेच्या खालच्या बाजूला धुकं असतं, दहा-अकरापर्यंत जातं. वास गेला.

फक्त ब्रोमेलियाडच्या मागच्या कोपऱ्यात हवा पोचत नाही असं वाटतं, तिथली बुरशी जाईना. फॅन लावू का छोटा?

खडकी (छत्रपती संभाजीनगर) | १९ एप्रिल, रात्री ११:०२

सकाळचं धुकं दुपारच्या आत गेलं म्हणजे टाकी बरोबर चाललीये, त्याच्यामागं लागू नका. दिवसभर राहिलं तर हवा कमी, अजिबातच येत नसेल आणि पानं कुरकुरीत होत असतील तर हवा जास्त. मी तरी मीटरच्या आधी काच आणि पानं बघतो.

फॅन लावा, पण एप्रिलात बाहेरची हवा आत मारायची नाही आणि आतली बाहेर फेकायची नाही. आतलीच हवा आत फिरवायची. पाच व्होल्टचा यूएसबी फॅन, ६० मिलीमीटरचा, मोबाइलच्या चार्जरवर चालतो. बारा व्होल्टचा कॉम्प्युटरमधला फॅन पाचवर काही वेळा सुरूच होत नाही म्हणून सरळ पाचचा घ्या. मागच्या वरच्या कोपऱ्यात, झाकणाच्या खाली, तोंड तिरकं खाली. वारा बेडकाच्या बसायच्या फांदीवर जायला नको, काचेला घासून गेला पाहिजे. मनीप्लांटचं पान जरासं हललं की बास, फडफडायला लागलं तर जास्त होतंय.

दोन्ही बाजूंनी बारीक स्टीलची जाळी लावाच लावा. व्हाइट्स रात्री कुठंही उडी मारतो, फिरत्या पात्यात बोट गेलं तर तुटतं. वायरला टाकीबाहेर खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून आलेलं पाणी झोळाशी टपकेल, चार्जरपर्यंत जाणार नाही. टायमर लावून फवारल्यानंतर पंधरा-वीस मिनिटं चालवा, रात्रंदिवस नको.

त्या कोपऱ्यात स्प्रिंगटेल सोडा. पांढरे बारीक किडे असतात, बुरशी खाऊन जगतात. पण कुजकट वास खालच्या गोळ्यांतून येत असेल, सडक्या अंड्यासारखा, तर तिथं पाणी तुंबून हवेविना कुजतंय असं समजा, त्याला फॅनचा उपयोग नाही. नळी घालून तळातलं पाणी ओढून काढा. पाण्याची पातळी कधीही कोकोपीटला टेकू द्यायची नाही.

बालाघाट (बीड) | २१ एप्रिल, दुपारी ४:२०

सरांच्या ओल्या कपड्यावरून मी एक करून बघितलं. टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून गोणपाट लावलं, वरून ठिबकची नळी, थेंब थेंब, खाली ट्रे. कूलरचा वारा त्या गोणपाटावर, टाकीच्या तोंडावर नाही. आतलं तापमान ३३ वरून २९ वर आलं. आणि गंमत म्हणजे समोरची काच लख्ख! सगळा घाम मागच्या काचेला, ओघळून खाली गोळ्यांत जातोय. फट पण आता दोन सेंटीमीटर उघडी ठेवलीये, खडकी भाऊ खूश व्हा.

परभणीचे सर | २१ एप्रिल, संध्याकाळी ६:००

हे फार सुंदर केलंत. आतली ओल सगळ्यात थंड जागा शोधते आणि तिथं जाऊन पाणी होते. म्हणजे घाम कुठल्या काचेला यावा हे आपण ठरवू शकतो. तुम्ही मागची काच मुद्दाम थंड केली, आतली जादाची ओल तिनं ओढून घेतली, मग समोरच्या काचेवर यायला काही उरलंच नाही.

यावरून एक आठवलं, राहवत नाही म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात डार्विन शहरातल्या संशोधकांनी याच तुमच्या हिरव्या ट्री फ्रॉगवर काम केलं, २०११ ला प्रसिद्ध झालं. कोरड्या ऋतूत, पाऊस नाही, पाणी नाही, रात्री थंड, तरी हे बेडूक उघड्यावर येऊन बसतात. का? तर बाहेर बसून अंग थंड करायचं आणि मग झाडाच्या उबदार दमट ढोलीत शिरायचं. शिरल्या शिरल्या थंड कातडीवर दव जमतं आणि ते दव तो कातडीतून पिऊन घेतो. आपण ज्या घामाशी भांडतोय त्याच्यावर हा प्राणी कोरडा हंगाम काढतो! त्याला ओल पाहिजेच आहे, पण ये-जा करायला थंड-गरम, सुकी-ओली अशी जागा पण पाहिजे.

दुधना (जालना) | १४ जून, रात्री ८:३०

मंडळी मी नवीन. काल पाऊस झाला, शेताच्या डबक्यात पिवळेधमक मोठे बेडूक डराव डराव करायलेत. एक आणून काचेच्या टाकीत ठेवला तर चालेल का? हवेचं वरचं सगळं वाचून घेतलंय.

तेरणा (धाराशिव) | १४ जून, रात्री ९:१०

नाही हो भाऊ, तो तिथंच राहू द्या. तो आपला बुलफ्रॉग, पिवळा झालेला म्हणजे नर, विणीसाठी रंग बदललाय, हे थोडेच दिवस आहेत त्याच्याकडं. रानातला बेडूक धरून पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. आणि तो शेतातले किडे खातो. या बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या त्या १९८७ ला बंद केल्या देशानं, ते उगाच नाही.

पाळायचाच असेल तर परदेशी जातीचा, पिंजऱ्यात जन्मलेला, पक्क्या पावतीसकट घ्या. सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, २०२४ च्या नियमाप्रमाणे. बरेच डार्ट फ्रॉग त्या यादीत आहेत, लाल डोळ्यांचा ट्री फ्रॉग पण २०१० पासून आहे. आणि डार्ट फ्रॉगला २२ ते २६ डिग्री लागतं, ३० च्या वर जीव धोक्यात, मराठवाड्याच्या मे महिन्यात बॅकअप नसताना त्याच्या वाटेला जाऊच नये असं मला मनापासून वाटतं.

दुधना (जालना) | १४ जून, रात्री ९:४०

बरं झालं विचारलं. डबक्याकाठी बसून ऐकतो मग.

गोदातीर (नांदेड) | २२ जुलै, रात्री ११:३०

धागा वर काढतोय. आमचं उलटं झालंय. उन्हाळाभर मागं तीन सेंटीमीटर फट होती, छान चाललं. आता आठ दिवस झड लागली, खोलीतच ८५ टक्के आणि २७ डिग्री. फट पूर्ण मोकळी केली, वरची काच काढून टाकली, बाहेर हवा फेकणारा फॅन लावला, तरी आकडा ९० च्या खाली येईना. पानं ओलीच. काय करावं?

परभणीचे सर | २३ जुलै, सकाळी ६:४५

बाहेरची हवाच ८५ टक्के असेल तर ती आत आणून टाकी ८५ च्या खाली कशी जाईल? आत्ता खोलीचा दवबिंदू २४ आहे, एप्रिलात ८-९ होता. त्या वेळी फट उघडली की टाकी सुकायची, आता कितीही उघडा, ओलीचीच देवाणघेवाण. कूलर पण बंद करा, या दिवसात तो फक्त पाणी उडवतो.

आता एकच बाजू आपल्या हातात आहे, टाकी खोलीपेक्षा जरा गरम ठेवणं. तीच २७ डिग्री आणि ८५ टक्क्याची हवा टाकीत येऊन २९ झाली की आकडा आपोआप ७५-७६ वर येतो, एक थेंबही बाहेर न काढता. झाकणाची काच परत टाकून एलईडी पट्टी तिच्यावर ठेवली तर एवढी ऊब तिच्यानंच मिळते. फट मोकळी असू द्या, नाहीतर आतली ओल परत साठेल.

खडकी (छत्रपती संभाजीनगर) | २३ जुलै, सकाळी ९:१५

सरांच्या म्हणण्यात भर. फवारणी बंद करा. झड असताना मी पाणी मारतच नाही, फक्त भांड्यातलं पाणी रोज बदलतो. फॉगर असेल तर काढून ठेवा, त्याचं धुकं दिसायला छान पण थांबलेल्या हवेत ते पानापानावर बसून राहतं. फॅन आता तासाला दहा मिनिटं आत फिरवा. आणि लाइटची ऊब देताना थर्मामीटर समोर ठेवा, व्हाइट्सला २९ चालतं, कुणाकडं थंडीतल्या जातीचा असेल त्यानं हे करू नये.

अजून एक, काच पुसून बघा घाम आतून आहे का बाहेरून. बोट फिरवलं आणि बाहेरच्या बाजूला रेघ उमटली तर टाकीचा दोषच नाही, एसी बंद केल्यावर खोलीत शिरलेली दमट हवा थंड काचेवर बसलीये. अशा वेळी लोक टाकीची फट वाढवत बसतात आणि उपयोग शून्य.

गोदातीर (नांदेड) | २७ जुलै, रात्री १०:००

एलईडी वर ठेवली, फवारणी बंद. काल दुपारी ७८ वर आला, वरची पानं हाताला सुकी लागली. नर आज त्याच सुक्या पानावर पाय पोटाखाली घेऊन झोपलाय.

दुधना (जालना) | १८ डिसेंबर, रात्री ९:२०

राम राम. पॅकमन घेतला शेवटी, पावतीसकट. आता थंडीचं विचारतो, रात्री खोली १६ पर्यंत उतरते, टाकीखाली नाही बाजूला हीट मॅट लावून आत २४ ठेवतो. समोरची काच रात्रभर पांढरी, सकाळी दारातून पाणी ओघळून फर्निचरवर येतं. फट वाढवू का?

परभणीचे सर | १८ डिसेंबर, रात्री १०:०५

आत २४, बाहेर १६, म्हणजे काच मधे कुठंतरी २० ला. आत ८० टक्के असेल तर दवबिंदू पण २०. म्हणून पांढरी. फट थोडीच वाढवा, एखादा सेंटीमीटर, थंडीतली हवा पण सुकी असते, जास्त उघडलं तर ऊब पण जाईल. त्यापेक्षा रात्री समोरच्या काचेवर बाहेरून बबल रॅप लावा, ती काच दोन-तीन डिग्री उबदार राहील. मॅट एका बाजूला आहे ना, मग मागची काच उघडी सोडा, तिला थर्माकोल लावू नका. बालाघाट यांनी एप्रिलात केलं तेच, घाम मागं जाऊ द्या.

बालाघाट (बीड) | १८ डिसेंबर, रात्री १०:३०

आणि दुधना भाऊ, हीट मॅट थर्मोस्टॅटवरच (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र) चालवा, साधी मॅट जास्त तापली की काच तडकू शकते. दाराच्या खाली आतून सिलिकॉनची बारीक पाळ ओढा, पाणी फर्निचरवर न येता आत वळेल. बेडूक आणि पाणी बाहेर काढून, आणि व्हिनेगरसारख्या (ॲसिटिक) वासाचं, पण बुरशीनाशक न घातलेलं साधं सिलिकॉन, पूर्ण वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस सुकू द्या, मगच आत सोडा.

दुधना (जालना) | १८ डिसेंबर, रात्री १०:४१

बबल रॅप आत्ताच लावला. सिलिकॉन रविवारी करतो, तोवर पॅकमनला प्लास्टिकच्या डब्यात ओल्या कोकोपीटवर ठेवीन. डब्याच्या झाकणाला भोकं किती पाडू?

खडकी (छत्रपती संभाजीनगर) | १८ डिसेंबर, रात्री १०:५०

झाकणाला पाडू नका, दोन समोरासमोरच्या बाजूंना पाडा, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, पाच-सहा पुरे. गरम खिळ्यानं आतून बाहेर पाडा म्हणजे धारदार कड आत राहत नाही.